क्लाउडच्या खात्यातील मागचा खर्च दिसेनासा होतो तेव्हा

कीर्दीत एकदा लिहिलेली रक्कम पान फाडल्यावाचून नाहीशी होत नाही. दूरवरच्या संगणकांची शक्ती भाड्याने घेणाऱ्या संस्थांना मात्र कधीकधी निराळा अनुभव येतो. ‘क्लाउड’ या नावाने रूढ झालेल्या या सेवेचा हिशेब सेवा पुरविणाराच ठेवतो. ग्राहक तो पडद्यावर केवळ पाहतो. एखाद्या दिवशी त्या पडद्यावर गतवर्षाच्या जागी शून्य उभे असते.

समजा, एका प्रयोगशाळेस तीन वर्षांच्या अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र सादर करावयाचे आहे. पैसे भरले गेले आहेत, परंतु कोणत्या कामावर किती खर्च झाला हे दाखविता येत नाही. प्रमाणपत्र अडले की पुढील हप्ता अडतो, आणि संशयाची नजर प्रथम वळते ती हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाकडे. अशा वेळी नोंद मुळातच झाली नव्हती, की नोंद आहे पण ती पाहण्याची वाट बंद झाली आहे, हे आधी ठरविले पाहिजे.

अमेझॉन वेब सर्व्हिसेसचे उदाहरण घेऊ. तेथील ‘कॉस्ट एक्सप्लोरर’ हे साधन प्रथमच सुरू केले असता चालू महिन्याचे आकडे सुमारे २४ तासांत येतात. मागील महिन्यांचे आकडे यावयास आणखी काही दिवस लागतात. तेव्हा पहिल्या दिवसाच्या शून्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. या साधनाची नेहमीची पोच १३ महिन्यांची असते. ती मागून घेतल्यास ३८ महिन्यांपर्यंत वाढते, पण त्या जुन्या काळाचे केवळ मासिक आकडे मिळतात. तीन वर्षांचे ३६ महिने यात जेमतेम बसतात. प्रमाणपत्रास चारदोन महिन्यांचा विलंब झाला तर आरंभीचा काळ हातचा जातो.

याहून चकविणारे कारण खात्याच्या नात्यागोत्यात असते. प्रयोगशाळेचे स्वतंत्र खाते विद्यापीठाच्या एकत्रित खात्यात सामील केले, की स्वतंत्रपणाच्या काळातील खर्च या साधनात तिला दिसेनासा होतो. विद्यापीठाच्या मुख्य खात्यासही सामील झाल्यानंतरचाच खर्च दिसतो. म्हणजे मधला इतिहास कोणाच्याच पडद्यावर नाही! आकडे मात्र पुसले गेलेले नसतात. खाते पुन्हा स्वतंत्र झाले तर तो जुना काळ परत दिसू लागतो, आणि एकत्र असतानाचा काळ झाकला जातो. म्हणून सामील होण्यापूर्वीच सर्व अहवाल उतरवून घेणे शहाणपणाचे. ज्यांनी तपशीलवार अहवाल स्वतःच्या साठवणीत नियमित जमा करण्याची व्यवस्था आधीच केलेली असते, त्यांना ही अडचण फारशी भासत नाही.

कित्येकदा एकूण रक्कम बरोबर असते, पण प्रकल्पवार विभागणी रिकामी येते. येथे दोष खुणचिठ्ठीचा, म्हणजे ‘टॅग’चा असतो. यंत्रावर टॅग लावणे पुरेसे नाही. हिशेबाच्या विभागात तो कार्यान्वितही करावा लागतो, आणि तो लागू होतो पुढील खर्चास. २०२४ पासून कार्यान्वित केलेले टॅग मागील १२ महिन्यांपर्यंत लागू करून घेण्याची सोय झाली आहे. परंतु त्या काळी यंत्रावर टॅगच नव्हता, तर ही सोयही निरुपयोगी ठरते.

गूगल क्लाउडमध्ये प्रकल्प एका देयक-खात्यातून दुसऱ्यात हलविला, तर आधीचा खर्च जुन्याच खात्यात राहतो. तो तेथेच शोधावा. बिगक्वेरीत हिशेब उतरविण्याची सोय तर सुरू केल्या दिवसापासूनच चालते. संग्रहाचे स्थान अमेरिका किंवा युरोप असे बहुप्रांतीय निवडले असेल, तरच मागील महिन्याच्या आरंभापासूनचे आकडे मिळतात.

राहता राहिली लहानसहान तफावत. अमेझॉनचा महिना जागतिक प्रमाणवेळेनुसार पालटतो. भारतात एक तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंत झालेला खर्च त्यामुळे आदल्या महिन्यात पडतो, आणि ताळा न जुळणारी रक्कम बहुधा तेथेच सापडते.