लोह कमी पडले तरी, जास्त झाले तरी यकृताला त्रास

लोह म्हटले की हिमोग्लोबिन आठवते. पण यकृतालाही ऊर्जेसाठी लोह लागते. पेशींतील मायटोकाँड्रिया साखर व चरबीपासून ऊर्जा तयार करतात आणि त्या प्रक्रियेतील अनेक प्रथिनांत लोह असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात उंदरांना लोह कमी पडल्यावर यकृतातील मायटोकाँड्रियांना इजा झाली. अति लोहानेही तेच घडले. कारण जादा लोह यकृतातच साठते. देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. पण प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही. त्यामुळे गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, रक्त तपासून घ्याव्यात. गोळीसोबत चहा टाळावा, लिंबूपाणी चालेल.