कॉलबॅकचा पत्ता जपा

विंडोजमध्ये खिडकी उघडायची तर प्रोग्रॅमला आधी एक स्ट्रक्चर भरून द्यावं लागतं. त्यात आयकॉन, कर्सर यांच्यासोबत एका फंक्शनचा पत्ताही असतो. माउस हलला, कळ दाबली की विंडोज त्या पत्त्यावरचं फंक्शन चालवते. हाच कॉलबॅक.

सी भाषेत यात अडचण नाही. फंक्शन सहसा प्रोग्रॅम संपेपर्यंत जागचं हलत नाही. सी-शार्पमध्ये मात्र स्ट्रक्चरमध्ये डेलिगेट, म्हणजे फंक्शनकडे बोट दाखवणारं ऑब्जेक्ट, ठेवतात आणि विंडोजला मिळतो तो एका मध्यस्थ कोडच्या तुकड्याचा पत्ता. विंडोजने तो पत्ता धरून ठेवलाय, हे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला कळत नाही. आपल्या कोडमध्ये डेलिगेटचा संदर्भ उरला नाही, की गार्बेज कलेक्टर ते मोडीत काढतो. प्रोग्रॅम थोडा वेळ नीट चालतो आणि मध्येच कोसळतो. चाचणीत हे सापडेलच असं नाही.

उपाय सोपा: डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये ठेवावं. स्ट्रक्चरची मापंही तंतोतंत हवीत. खिडकीच्या या स्ट्रक्चरमध्ये पहिल्याच रकान्यात त्याचा आकार लिहितात: ३२ बिटमध्ये ४८ बाइट, ६४ बिटमध्ये ८०, कारण पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइटचा होतो. आकडा चुकला, तर विंडोज हे स्ट्रक्चर नाकारू शकते.