जुन्या गाडीचे 'रिकॉल' : पत्र पहिल्या मालकाला, धोका तिसऱ्याला

बोरी (जि. परभणी) : सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले, की मराठवाड्यातील अनेक घरांत चारचाकीचा विषय निघतो. लग्नसराई, पंढरपूर-तुळजापूरच्या वाऱ्या, रुग्णाला रात्री-अपरात्री परभणी किंवा नांदेडच्या दवाखान्यात हलवणे अशा साऱ्या गरजा एकाच वाहनाने भागवायच्या असतात. त्यामुळे सात-आठ माणसे सामावतील अशा गाडीला पसंती मिळते. जिंतूर तालुक्यातील बोरी परिसरही त्याला अपवाद नाही. नवी गाडी आवाक्याबाहेर असली, तरी पुणे किंवा संभाजीनगर 'पासिंग'ची जुनी ओम्नी, ईको, तवेरा, इनोव्हा वा अर्टिगा निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकते. सौदा करताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात, पत्र्यावर टकटक करून गंज आणि लांबी तपासली जाते. मात्र एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या गाडीला कंपनीने कधी परत बोलावले होते काय, आणि बोलावले असल्यास ती दुरुस्ती झाली काय?

'रिकॉल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेची माहिती नसणे हे जुन्या गाडीच्या खरेदीदाराला महागात पडू शकते. कारण रिकॉलमधील दोष बाहेरून दिसत नाही आणि गॅरेजमधील मिस्त्रीच्या हातालाही तो सहजासहजी लागत नाही.

रिकॉल म्हणजे काय?

झीज आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, टायर, बॅटरी वापराने झिजतात. त्यांचा खर्च मालकाने करायचा असतो. याउलट एखाद्या विशिष्ट काळात कारखान्यात बसवलेला सुटा भागच सदोष निघाला, तर त्या काळात तयार झालेल्या सर्व गाड्यांत तो धोका असतो. गाडी कितीही जपून वापरलेली असो, भाग कधी दगा देईल हे सांगता येत नाही. अशा वेळी कंपनी त्या मुदतीत तयार झालेल्या गाड्या सेवा केंद्रात बोलावून सदोष भाग विनामूल्य तपासते व बदलून देते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की रिकॉल हे मालकाच्या नावाशी जोडलेले नसून गाडीच्या चेसिस क्रमांकाशी जोडलेले असते. गाडी कितव्या मालकाकडे आहे, याने त्यात फरक पडत नाही. चौथ्या मालकाने गाडी नेली, तरी राहून गेलेली दुरुस्ती मागता येते. अडचण आहे ती त्याला हे कळण्याची.

कायदा काय सांगतो?

भारतात दीर्घकाळ रिकॉलसंबंधी कायदेशीर तरतूद नव्हती. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळावयाची एक संहिता लागू केली आणि त्यानंतर कंपन्या रिकॉलची जाहीर घोषणा करू लागल्या. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ समाविष्ट झाले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील अन्य व्यक्तींना हानी पोहोचण्याची शक्यता असल्यास, केंद्र सरकार कंपनीला त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष दुरुस्त करणे, बदली वाहन देणे किंवा खरेदीदाराला किंमत परत करणे, असे पर्याय कायद्यात नमूद आहेत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केल्यास तिला दंडातून सूट मिळते.

या कलमाखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सक्तीच्या रिकॉलसाठी कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे नियम उत्पादनापासून सात वर्षांच्या आतील वाहनांनाच लागू आहेत. जुन्या बाजाराच्या दृष्टीने हीच मेख आहे. उदाहरणार्थ, २०१५ मध्ये तयार झालेली ईको २०२२ मध्येच या मर्यादेबाहेर गेली. ग्रामीण भागात हातोहात फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याहून जुन्या असतात. अशा गाड्यांबाबत सक्तीच्या रिकॉलचा आधार नसतो; कंपनीने पूर्वी स्वेच्छेने जाहीर केलेल्या मोहिमेवरच विसंबावे लागते.

कोणत्या गाड्यांना बोलावणे आले?

कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या गाड्यांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला, तर रिकॉलमधील दोष किती भिन्न स्वरूपाचे असतात, हे स्पष्ट होते.

टोयोटाने २०१४ मध्ये जगभरातील मोहिमेचा भाग म्हणून भारतातील ४४,९८९ इनोव्हा परत बोलावल्या. फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ या काळातील त्या गाड्यांच्या स्टिअरिंगमधील 'स्पायरल केबल' हा भाग तपासायचा होता. स्टिअरिंग फिरत असतानाही चालकाच्या एअरबॅगपर्यंत वीज पोहोचवण्याचे काम ही केबल करते. ती तुटल्यास गाडी नेहमीसारखीच चालते. पण अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही.

होंडाने २०१५ मध्ये डिझेलवरील सिटी व मोबिलिओ या दोन मॉडेलच्या ९०,२१० गाड्यांतील इंधन परत नेणारी नळी बदलण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०१३ ते जुलै २०१५ या काळातील या गाड्यांत सात आसनी मोबिलिओंची संख्या २५,७८२ होती.

मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये अर्टिगा, एक्सएल६, सियाझ, ब्रेझा आणि एस-क्रॉस या मॉडेलच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळातील या गाड्यांचे 'मोटर जनरेटर युनिट' तपासायचे होते. भाग बदलला जाईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये, असा सल्ला कंपनीने दिला होता. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांच्या पुलांवरून पाणी वाहणाऱ्या भागात, ही सूचना माहीत असणे आणि नसणे यात मोठा फरक पडतो.

ईकोच्या बाबतीत तर एकाच मॉडेलमध्ये किरकोळ आणि गंभीर असे दोन्ही प्रकार दिसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या गेल्या त्या हेडलॅम्पवरील मानकाचे चिन्ह तपासण्यासाठी. एप्रिल २०२२ मध्ये १९,७३१ ईको बोलावण्यात आल्या त्या चाकाच्या रिमवर मापाची खूण चुकीची उमटल्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये मात्र ईकोसह विविध मॉडेलच्या १७,३६२ गाड्यांतील एअरबॅगचा नियंत्रक संशयास्पद ठरला आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नये, असे ग्राहकांना सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळातील एस-प्रेसो व ईको मिळून ८७,५९९ गाड्यांतील स्टिअरिंगचा टाय रॉड तपासण्याची घोषणा झाली. टाय रॉड हा स्टिअरिंगचे वळण पुढील चाकापर्यंत पोहोचवणारा दांडा. क्वचित प्रसंगी तो तुटून गाडीवरील ताबा बिघडू शकतो, असे कंपनीने म्हटले होते.

तवेराचे प्रकरण निराळेच होते. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. त्यामागे प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन हे कारण होते. कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांनी चाचण्यांत फेरफार केल्याचे त्या वेळी उघड झाले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच थांबवली. सुट्या भागांची उपलब्धता हा प्रश्न तवेरा घेणाऱ्याने म्हणूनच आधी सोडवून घ्यावा लागतो.

पत्र कुठे अडते?

रिकॉल जाहीर झाल्यावर कंपनी आपल्या नोंदीतील ग्राहकाला पत्र, लघुसंदेश किंवा दूरध्वनीद्वारे कळवते. ही नोंद बहुधा शोरूममधून गाडी घेणाऱ्या पहिल्या मालकाची असते. पुण्यातील पहिल्या मालकाने गाडी एजंटाला विकली, एजंटाने संभाजीनगरच्या व्यापाऱ्याला दिली आणि तेथून ती बोरीसारख्या गावात आली, तर ते पत्र पुण्यातच राहते. गावात आल्यावर गाडीची देखभाल स्थानिक गॅरेजमध्ये होते. अधिकृत सेवा केंद्रासाठी सहसा शहर गाठावे लागत असल्याने गाडी तेथे जात नाही आणि तेथील संगणकात दिसणारी राहून गेलेली दुरुस्ती कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यात भर पडते ती कोऱ्या 'टीटी फॉर्म'ची. विक्रेत्याच्या सह्या असलेले २९ व ३० क्रमांकाचे कोरे अर्ज घेऊन गाडी नाव न बदलता वर्षानुवर्षे वापरण्याची सवय सर्वत्र आढळते. अशा गाडीचा कागदोपत्री मालक वेगळा, वापरणारा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अनेकदा विकल्या गेलेल्या, परंतु नाव न बदललेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. त्यामुळे वेळेवर नाव बदलणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. कायद्यानुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवणे अपेक्षित आहे.

जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठीही १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते. व्यवहार करताना हे अधिकारपत्र पाहण्याचा आग्रह धरणे योग्य ठरते.

अमेरिकेत राज्यांच्या वाहन नोंदणीतून सध्याच्या मालकाचा पत्ता घेऊन कंपन्या पत्र पाठवतात आणि २०१४ पासून तेथे चेसिस क्रमांक टाकून कोणालाही राहिलेले रिकॉल पाहता येते. तरीही दुरुस्ती न झालेली जुनी गाडी विकण्यास तेथे केंद्रीय कायद्याने सरसकट बंदी नाही. म्हणजे खरेदीदाराने स्वतः तपासणे तेथेही चुकलेले नाही.

रिकॉल नाही, म्हणजे गाडी सुरक्षित?

तसा अर्थ काढणे धोक्याचे आहे. ओम्नी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून रस्त्यावर आली आणि नव्या सुरक्षा मानकांमुळे २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या गाडीत चालकाच्या पुढे इंजिनाचा आडोसा नसतो. समोरासमोरच्या धडकेत पायांना थेट मार बसतो. हा सुट्या भागाचा दोष नसून रचनेचीच मर्यादा आहे. ती कोणत्याही रिकॉलने दूर होत नाही. ईकोच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्तीला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाडीत ती असेलच असे नाही.

शिवाय रिकॉलपेक्षा मोठे धोके अनेकदा मालकांनीच निर्माण केलेले असतात. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. अधिकृत सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर असली पाहिजे आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी झालेली असली पाहिजे. जादा आसने टाकून घेतलेल्या व्हॅनमध्ये त्या आसनांना सीटबेल्ट नसतात, ही बाबही दुर्लक्षिली जाते.

सौद्यापूर्वी काय तपासावे?

बयाणा देण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी केल्यास फसगतीची शक्यता बरीच कमी होते.

१. आरसीवरील १७ अक्षर-अंकी चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. मारुतीच्या गाड्यांचा क्रमांक 'एमए३'ने सुरू होतो. कोरीव अंक खोडल्यासारखे वा पुन्हा ठोकल्यासारखे दिसल्यास सौदा तेथेच सोडावा.

२. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील ग्राहक माहितीच्या विभागात टाकून किंवा अधिकृत सेवा केंद्रात दाखवून रिकॉल राहिले आहे काय, हे विचारावे. सेवेच्या नोंदीही तेथेच मागाव्यात. मीटर मागे फिरवले असल्यास जुन्या नोंदीतील किलोमीटरवरून ते उघडे पडते.

३. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही क्षणांत विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला किंवा मुळीच पेटला नाही, तर दोन्ही लक्षणे वाईट आहेत. दिव्याची वायर काढून ठेवल्याचीही शक्यता असते.

४. बँकेचा बोजा उतरला आहे काय, विमा चालू आहे काय आणि गाडीवर दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, हे पाहावे. बाहेरच्या जिल्ह्याचे पासिंग असल्यास ना-हरकत प्रमाणपत्राची गरज आहे काय, याची परभणीच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

५. नाव बदलून घेतल्यावर कंपनीच्या सेवा केंद्रातही आपले नाव व मोबाईल क्रमांक नोंदवावा. पुढचे रिकॉल झाल्यास निरोप योग्य माणसापर्यंत पोहोचण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

सात वर्षांच्या आतील गाडीत सुरक्षेशी निगडित दोष आढळल्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असा आहे.

नाव हस्तांतरणाच्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांत विक्रेता, खरेदीदार, वित्तपुरवठादार यांचे रकाने आहेत. राहिलेल्या रिकॉलचा रकाना मात्र नाही. हस्तांतराच्या वेळीच ही माहिती खरेदीदारासमोर ठेवली गेली, तर पहिल्या मालकाकडे अडकलेले पत्र तिसऱ्या मालकापर्यंत आपोआप पोहोचेल. तशी व्यवस्था होईपर्यंत चेसिस क्रमांक कागदावर उतरवून परभणीच्या सेवा केंद्रात एक खेप मारणे हाच उपाय खरेदीदाराच्या हाती आहे. त्या चौकशीसाठी अर्धा दिवस जाईल. पण घरची सात-आठ माणसे ज्या गाडीत बसणार, तिच्यासाठी एवढा वेळ काढणे फार नाही.