घर बापाचे, हप्ता मुलाचा

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या दिवशी तिशीत असलेला लालबाग-परळचा साचेवाला किंवा जॉबर आज सत्तरी ओलांडून गेला आहे. गिरण्या बुडाल्या, चिमण्या पाडल्या गेल्या, त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले; आणि बऱ्याच झगड्यानंतर त्याच जमिनींच्या एका वाट्यावर कामगारांसाठी घरे बांधण्यात आली. 2012 च्या जूनमध्ये म्हाडाने 6,925 घरांची सोडत काढली. पुढे 2016 साली आणि 1 मार्च 2020 रोजी आणखी सोडती निघाल्या. घर सव्वादोनशे चौरस फुटांचे. किंमत आधी साडेसात लाख, नंतर साडेनऊ लाख रुपये. त्या परिसरातील बाजारभाव पाहता ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. पण ती भरायची कोणी? भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन किमान 1,000 रुपये तरी असावे, हे ठरायलाच 2014 साल उजाडले होते. तेवढ्यावर जगणाऱ्या वृद्धाला साडेनऊ लाख हा आकडा किरकोळ वाटणे शक्य नव्हते.

बँकेचे गणित त्याहून रोकडे असते. कर्जाची फेड साधारणतः कर्जदाराच्या सत्तरीच्या आसपास संपावी, असा तिचा आग्रह असतो. ज्याचे नाव सोडतीत निघाले तोच सत्तरीला टेकलेला. तेव्हा वाट एकच उरते: नोकरी करणाऱ्या मुलाने सहकर्जदार म्हणून सही करायची. वितरणपत्र बापाच्या नावाचे आणि हप्ता मुलाच्या पगारातून, अशी व्यवस्था अनेक घरांत बसते. बाप हयात असेपर्यंत ती सुरळीत चालतेही. एकाच्या घामाचे घर दुसऱ्याच्या घामाने सोडवून घेतले, यात दोघांनाही समाधान असते.

अडचण नंतरची आहे. बापाच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर त्याच्या स्वकष्टार्जित घरावर पत्नी, आई हयात असल्यास ती, मुलगे आणि मुली या सर्वांचा सारखा हक्क पोहोचतो. हिंदू वारसा कायद्याची ही तरतूद 1956 पासूनची आहे. मुलीचे लग्न झालेले असले तरी तीत फरक पडत नाही. कर्ज मात्र ज्याने सही केली त्याच्या मानेवर राहते. घर सर्वांचे आणि कर्ज एकाचे, अशी विषम वाटणी होऊन बसते. मग दहा वर्षे हप्ते भरणारा धाकटा म्हणतो, घर माझे; आणि ठाण्यात राहणारी बहीण म्हणते, संपात आईने खानावळ चालवून जे दिवस काढले त्यांचे काय? दोघांचेही खरे असते. भांडण कोर्टात जाते ते लोभामुळे, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. पुष्कळदा ते केवळ एक कागद वेळेवर न लिहिल्यामुळे जाते. कोणी किती भरले याची नोंद सर्व भावंडांसमक्ष व्हावी, आणि बापाने ती लक्षात घेऊन मृत्युपत्र करावे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. पण हा विषय काढणे म्हणजे बापाच्या मरणाची वाट पाहणे, ही समजूत आड येते.

गिरगाव-दादरच्या पागडीच्या चाळींतून प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. खोलीची किंमत आज कित्येक लाखांत सांगितली जाते, आणि म्हाताऱ्याच्या औषधाला पैसे नसतात. अशांसाठी 2007 साली उलट गहाणाची योजना आली: साठीपुढील घरमालकाने राहते घर बँकेकडे तारण ठेवायचे, बँकेने त्याला ठरावीक रक्कम देत राहायचे, आणि फेड त्याच्या व पत्नीच्या पश्चात व्हायची. परंतु त्यासाठी मालकी लागते आणि इमारतीचे किमान वीस वर्षांचे आयुष्य उरलेले असावे लागते. टेकूंवर उभ्या असलेल्या चाळीतल्या भाडेकरूपाशी या दोहोंपैकी काय असते? शिवाय ही भाडेकरू खोली मृत्युपत्राने देताही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितले आहे. भाडे नियंत्रण कायद्याने तो हक्क प्रथम मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलेल्या थोरल्याला आणि खोलीत राहणाऱ्या धाकट्याला हे आधीच ठाऊक असेल, तर पुष्कळ कटुता टळेल.

खरे तर मदतीचा आरंभ खाटेखालच्या ट्रंकेपासून व्हावयास हवा. तीत पासबुके असतात, विम्याच्या पावत्या असतात, संपाच्या काळात गावची जमीन गहाण टाकल्याचा कागदही असतो. ते कर्ज कधीच फिटलेले असते, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा तसाच असतो, कारण तो कमी करून घ्यायला कोणी तलाठ्याकडे गेलेलेच नसते. क्वचित एखाद्या पतपेढीत मित्राला जामीन राहिल्याची नोटीस सापडते, जी बापाने लाजेपोटी लपवलेली असते. अशा वेळी मुलाने आवाज चढवला की पुढचा कागद बाहेर येत नाही. आयुष्यभर पगार आईच्या हाती देणाऱ्या माणसाला मुलाकडे हिशेब देणे जड जाते. खात्याला मुलाचे नाव जोडावे; तथापि पासबुक बापाच्याच उशाशी असावे.

सर्वांत धोक्याचा कागद म्हणजे बक्षीसपत्र. आईबापांनी राहते घर मुलाला बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात 2015 पासून मुद्रांक शुल्क मूळ 200 रुपये इतकेच आहे. इतर आकार वेगळे. हे स्वस्त पडते, म्हणून शेजारीपाजारी तोच सल्ला देतात. पण मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील 23 व्या कलमाने एक दरवाजा उघडा ठेवला आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे सिद्ध करावे लागेल असे म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. न्यायालयाचा कल असा बदलत असता अट तोंडी ठेवू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर औषधपाणी, जेवण आणि हयातीपर्यंत त्याच खोलीत राहण्याचा हक्क हे तीनही त्यात शब्दशः लिहिलेले असावे, आणि सही करण्यापूर्वी तो मजकूर आईला वाचून दाखवलेला असावा.