काचेवरून उतरलेली रेषा

तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत सत्राचा शेवट जवळ आला की वसतिगृहांच्या खोल्यांतून एक विलक्षण उद्योग सुरू होतो. दोन खाटांच्या मध्ये खिडकीची किंवा कपाटाची काच आडवी ठेवतात, तिच्याखाली दिवा लावतात, काचेवर कोणा हुशार मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट पसरतात आणि तिच्यावर आपला कोरा कागद. खालची रेषा वरच्या कागदातून उजळून दिसते आणि पेन्सिल निमूटपणे तिच्या मागून चालत जाते. ‘ग्लास ट्रेसिंग’ हे या विद्येचे भारदस्त नाव. विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे ‘जीटी’ झाले आहे. महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांना ‘जीटी मारणे’ हे क्रियापद परिचित आहे आणि आज मोठ्या हुद्द्यांवर असलेली माणसेही त्या रात्री आठवून मनमुराद हसतात. हसण्यासारखे त्यात आहेच. पण पुलाचे, यंत्राचे, घराचे चित्र काढण्याची पहिली दीक्षा आपण ज्या पद्धतीने देतो, तिचा एकदा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

आरेखन ही हाताची कला आहे असा समज रूढ आहे. वस्तुतः ती आधी डोळ्यांची आणि मग बुद्धीची कला आहे. समोरची घन वस्तू कागदाच्या सपाटीवर उतरवायची आणि कागदाची सपाटी वाचून ती वस्तू पुन्हा मनात उभी करायची, एवढेच तिचे सार. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने या विद्येला शास्त्राचे रूप दिले, तेव्हा तटबंदीच्या कामी तिचा उपयोग इतका मोठा ठरला की काही काळ ती लष्करी गुपित म्हणून जपली गेली. जी विद्या एका राष्ट्राने कुलपात ठेवली, ती आपली मुले काचेखालच्या दिव्याने हस्तगत करतात! फक्त हाती येते ती रेषा. विद्या काचेखालीच राहते.

याचा परिणाम केवळ गुणपत्रिकेवर होतो असे नाही. आपल्याकडे प्रथम कोनीय प्रक्षेपाची पद्धत आहे, म्हणजे वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकेत याच्या उलट, तृतीय कोनीय पद्धत चालते. कागदाच्या कोपऱ्यात असलेले कापलेल्या शंकूचे लहानसे चिन्ह कोणती पद्धत वापरली ते सांगते. हे चिन्ह प्रत्येक विद्यार्थी इमानाने गिरवतो. ते कशाकरिता आहे हे विचारले तर किती जण सांगू शकतील? परदेशी गिऱ्हाईकाचा नकाशा भोसरीच्या किंवा पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यात पोचला आणि वाचणाऱ्याने तो चुकीच्या पद्धतीने वाचला, तर उजव्या बाजूचा कान डाव्या बाजूला येतो आणि तयार झालेला माल भंगारात जातो. त्या नुकसानीचे मूळ पुष्कळदा पहिल्या सत्रातील एखाद्या रात्री सापडेल.

संगणक आला तेव्हा हा प्रकार थांबेल अशी अनेकांची समजूत होती. ऑटोकॅड ही प्रणाली १९८२ च्या अखेरीस बाजारात आली आणि पुढल्या दोन दशकांत ड्रॉइंग बोर्ड हळूहळू भिंतीला टेकले. झाले काय? पूर्वी निदान रात्र जागावी लागे, पेन्सिलीला टोक करावे लागे, आणि नक्कल करता करता एखादी रेषा डोक्यातही शिरे. आता फाइल एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाते, कोपऱ्यातील नाव व हजेरी क्रमांक बदलतो, आणि साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत एकच चित्र साठ नावांनी सादर होते. बहुमाध्यम विभागातील मुलांची गोष्ट निराळी नाही. चेंडू उसळताना दाखवा, माणूस चालताना दाखवा, एका काल्पनिक कंपनीचे बोधचिन्ह करा, हे त्यांचे ठरावीक स्वाध्याय; आणि या प्रत्येकाचे तयार उत्तर आंतरजालावर विनामूल्य पडलेले. अलीकडे तर चार वाक्ये लिहिली की यंत्र स्वतःच चित्र काढून देते. काच गेली, दिवा गेला, मित्रही गेला!

याचा सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते पुष्कळजण करतात. माझ्या मते दोष मूळ स्वाध्यायात आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याचे एकच असते आणि जे दरवर्षी तेच राहते, त्याची नक्कल होणार नाही तर काय होईल? मध्यभागी भोक असलेला तोच लोखंडी ठोकळा, तेच कललेले षट्कोनी लोलक. अध्यापकांच्याही अडचणी आहेत. तपासायला शेकडो शीट, अनेक ठिकाणी रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक, आणि वेळेत गुण भरून पाठवा म्हणून कार्यालयाचा तगादा. साठ सारखी चित्रे भराभर तपासता येतात. साठ वेगळी चित्रे तपासायला साठ वेळा विचार करावा लागतो. नक्कल सर्वथा वाईट असेही नव्हे. सुतारकामाचा उमेदवार उस्तादाच्या हाताकडे पाहूनच शिकतो. अक्षरलेखन, रेषांची जाडी, मापांचे बाण हे गिरवूनच बसते. पण गिरवण्याची पायरी दोन-तीन शीटची. आपण तिलाच जिना समजून बसलो आहोत.

स्वाध्याय कसा असावा याचे एक उदाहरण आपल्या घरातच आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. ते काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, मग खात्यातील नोकरी आणि पुढे छपाईचा व्यवसाय, असा त्यांचा प्रवास झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर आरेखन आणि बहुमाध्यम हे दोन्ही अभ्यासक्रम या एका माणसाने आपल्या हिमतीवर पुरे केले होते. १९१२ साली ते इंग्लंडहून कॅमेरा व साहित्य घेऊन परतले तेव्हा भांडवल पुरवायला कोणी तयार होईना. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत राहिले. महिन्याभराहून अधिक काळ चाललेल्या या उद्योगातून ‘अंकुराची वाढ’ हे चिमुकले चित्र निघाले. पडद्यावर क्षणार्धात वाढणारा तो वेल पाहून भांडवलदाराचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. या स्वाध्यायाची नक्कल करायची म्हटले तरी दुसरा दाणा पेरावा लागेल आणि पुन्हा महिनाभर थांबावे लागेल.

अशी कुंडी आजच्या विद्यार्थ्याला कोठे सापडेल? एक ठिकाण मी सुचवतो. पुण्याहून पौडमार्गे मुळशी धरणाचा काठ धरून कोकणात उतरणाऱ्या रस्त्यावर ताम्हिणी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांखाली भिजायला पुण्याची निम्मी तरुणाई तेथे लोटते. त्या गर्दीत आरेखनाचे विद्यार्थीही असणारच. आपण ज्यातून चाललो आहोत तो उघडा ग्रंथ आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

डोंगरउतारावरची भातखाचरे पाहा. समोच्च रेषा म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा, ही व्याख्या परीक्षेत दोन गुणांना येते आणि मुले ती पाठ करतात. खाचराचा बांध ही जमिनीवर प्रत्यक्ष काढलेली समोच्च रेषाच आहे. ती चुकली तर पाणी एका कडेला साचते आणि दुसऱ्या कडेचे रोप सुकते. चढ तीव्र तेथे बांध जवळजवळ, चढ मंद तेथे दूरदूर. नकाशातील दाट आणि विरळ रेषांचा अर्थ यापेक्षा स्पष्टपणे कोणते पुस्तक सांगेल? मग मावळातील जुनी घरे घ्या. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर मातीशेणाचा लेप, पुढे पडवी, आणि धो धो पावसाने कूड भिजू नये म्हणून भिंतीच्या बाहेर बरेच पुढे आलेले छपराचे पाखे. असे एक घर टेपने मोजून त्याचा आराखडा, समोरचे दृश्य आणि छेद काढायचा म्हटला तर छेद म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. अशी घरे झपाट्याने नाहीशी होत आहेत, तेव्हा विद्यार्थ्याचा कागद हाच पुढे त्यांचा दाखला ठरेल. गावातल्या आतल्या रस्त्यावरची मोरी मोजावी (घाटातील वळणावर उभे राहून मोजमापे घेण्याचे धाडस कोणी करू नये). तिचे तोंड केवढे, वरून येणारा ओहळ केवढा, कठड्याला पाझरासाठी छिद्रे ठेवली आहेत की बुजली आहेत, हे सारे कागदावर यावे.

ताम्हिणीच्या परिसरात रेषेला आणखी एक अर्थ आहे आणि तो दुःखाचा आहे. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतले. मुळेचे पाणी अडवायचे, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे न्यायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे सोडून वीज काढायची, ही योजना. आरेखन म्हणून ती थोरच होती. पण धरणाच्या भिंतीची उंची ठरली की पाणी कोठवर चढणार हे समोच्च नकाशावर एका रेषेने ठरते. त्या रेषेच्या आत गावे होती, देवळे होती, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास भोगला. धरण थांबले नाही. ज्या कागदावर आपले घर बुडणार हे लिहिले होते, तो कागद वाचता येणारी माणसे त्या गावांत किती असतील?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. तळ्याच्या काठची जमीन आज शहरी माणसाला हवी आहे. विक्री होते ती नकाशावर. गट नकाशा, मोजणीची प्रत, फाळणी यांच्या रेषांवर. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचा चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. कागदावर ओढलेली रेषा आपल्या बांधावरूनच जाते की चार हात आतून, हे सांगणारा मात्र त्याला शोधावा लागतो. २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणांच्या हद्दी चुन्याने आखून ड्रोनने छायाचित्रे घेतात आणि घरमालकांना मिळकत पत्रिका देतात. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे असा प्रयोग त्याआधी झाला होता. आकाशातून घेतलेले चित्र जमिनीवर पडताळून पाहणारा कोणी गावात असावा की नको? मुळशीच्या वाड्यांवरून पदविकेला किंवा आयटीआयच्या आरेखक शाखेला जाणारी मुले हे काम करू शकतील. पण घरी परतल्यावर वडिलांच्या हातातील मोजणीची प्रत वाचता येत नसेल, तर त्या मुलाच्या वीस शीटवरील वीस सह्यांची किंमत काय?

बहुमाध्यमाच्या मुलांना तर येथे काम पुरून उरेल. वर्षासहलीच्या दिवसांत घाटात अपघात होतात, माणसे वाहून जातात. धोक्याच्या जागा दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चलचित्रे त्यांनी करावीत. आवणातील रोपे हिरवी होईपर्यंत फाळक्यांप्रमाणे एकेक चौकट टिपावी. अन् अक्षरे देवनागरी असावीत. आपल्या मुलांच्या चित्रांवर इंग्रजी अक्षरे नेटकी असतात आणि मराठी आले की वेलांट्या एकमेकींवर चढतात. संगणकावरचा ‘मंगल’ हा सर्वपरिचित टंक घडवणारे र. कृ. जोशी मराठीच होते, एवढे तरी अक्षरलेखनाच्या तासाला सांगायला हरकत नाही.

यासाठी नवा शासननिर्णय लागेल असे नाही. तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून आणलेल्या ‘आय’ योजनेत सूक्ष्म प्रकल्पाची तरतूद केलीच होती. बहुतेक ठिकाणी तिचे रूपांतर आंतरजालावरून उतरवलेल्या आणि जाड पुठ्ठ्यात बांधलेल्या पानांत झाले, ही गोष्ट वेगळी. अशा प्रकल्पाच्या जागी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावची किंवा वस्तीची एक वस्तू मोजून काढावी. कोणाची मोरी, कोणाची विहीर, कोणाची चावडी. तपासनिसाला चित्राबरोबर मोजमापांची कच्ची वही मागता येईल, आणि तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुरेल : हे माप कोठून घेतलेस? प्रत्येक गटाला एक टेप, एक ओळंबा आणि एस.टी.चे भाडे, याहून खर्च नाही. डिसेंबरात मोजलेली मोरी जुलैच्या पावसाला पुरते की नाही हे पाहायला ताम्हिणीला दुसऱ्यांदा जावे लागेल. तोवर सत्र संपलेले असेल. त्या दुसऱ्या खेपेचे गुण कोणत्या रकान्यात भरायचे, तेवढे मंडळाने ठरवून द्यावे.