बोरघाट आणि झेवियर्सचे गुरुशिष्य

चातुर्मास जवळ आला की मुंबईहून पुण्याकडे विहार करणारे साधू-साध्वी पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असे टप्पे घेत बोरघाटाच्या पायथ्याशी येतात. आषाढातील चौमासी चतुर्दशीपूर्वी घाट ओलांडून नियोजित स्थानी पोहोचायचे असते. एकदा पाऊस लागला की या डोंगरउतारांवर पाऊल ठेवायला निर्जीव जागा सापडत नाही. दगडावर शेवाळ, वाटेवर कोवळे अंकुर, गांडुळे, गोगलगायी, आणि डोळ्यांना न दिसणारे तर असंख्य. म्हणून चार महिने विहार थांबतो. हे कारण आपल्या पाठशाळेतील लहान मुलेही सांगतात.

गेल्या शतकाच्या मध्यास एक कॅथलिक धर्मगुरू नेमक्या याच दिवसांत मुंबईहून या घाटात येत असत. जमीन जिवंत झालेली असते म्हणून आपले साधू थांबतात आणि जमीन जिवंत झालेली असते म्हणून ते येत. त्यांचे नाव फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

झेवियर्सच्या माजी विद्यार्थ्यांची यादी काढायची झाल्यास सुनील गावसकर, शबाना आझमी, फारुक शेख अशी सर्वांच्या ओठांवरची नावे प्रथम येतात, आणि ती यावीतच. परंतु त्या कॉलेजचा जीवसृष्टीच्या अभ्यासाशी जो संबंध आहे, त्याची ओळख घराघरांत फारशी नाही. कर्जत-खालापूर परिसरातील लोकांनी तरी तो जाणून घ्यावा, कारण या अभ्यासाचा काही भाग त्यांच्या डोक्यावरच्या डोंगरात झाला आहे.

सेंट झेवियर्सची स्थापना १८६९ साली जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी केली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्र्यांना भारत सोडावा लागला आणि युद्धानंतर स्पेनमधील येशूसंघीयांकडे कॉलेजची जबाबदारी आली. इतिहाससंशोधक फादर हेनरी हेरास आणि पुढे सांतापाऊ हे दोघे स्पॅनिश या कॉलेजात कसे आले, याचा उलगडा त्यातून होतो. या दोन पर्वांना जोडणारा दुवा मात्र स्विस होता. फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ साली मुंबईत आले, वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि १९१९ मध्ये कॉलेजचे प्राचार्य झाले. वाळवलेल्या वनस्पतींचा जो संग्रह त्यांनी १९०६ च्या सुमारास सुरू केला, तो आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. त्यात सुमारे दोन लाख नमुने आहेत.

ब्लॅटर यांनी माणसेही पारखून घेतली. १९१७ च्या सुमारास ब्रह्मदेशातील लाकूड आणि खनिजांचा कौटुंबिक व्यवसाय सोडून आलेला एक तरुण मुंबईच्या डावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकत होता. खतावणी आणि ताळेबंदात त्याचे मन नव्हते. ते पक्ष्यांत होते. ब्लॅटर यांनी हे ओळखले आणि त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सकाळी डावर्समध्ये हिशेब आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. हा तरुण म्हणजे सालिम अली. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती आणि त्यापायी एक सरकारी नोकरीही हुकली. पण १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स'ने भारतीयांना आपल्या अंगणातील पक्षी ओळखायला शिकवले. पुढे पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे दोन्ही सन्मान त्यांना मिळाले. जमाखर्चाचे शिक्षण वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. कोणता पक्षी कोठे, किती, कधी दिसला याच्या काटेकोर नोंदींवरच त्यांचे सारे काम उभे आहे.

आता सांतापाऊंकडे वळू. स्पेनच्या तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावी १९०३ साली त्यांचा जन्म झाला. १९२८ मध्ये ते भारतात आले, मध्यंतरी लंडनला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४० मध्ये झेवियर्समध्ये रुजू झाले. १९५० साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. खंडाळ्याला येशूसंघीयांचे विश्रांतीचे घर होते. सुटी मिळाली की मुंबईचे धर्मगुरू हवापालटासाठी तेथे जात. सांतापाऊ वनस्पती दाबून वाळवण्याचे कागद घेऊन जात.

मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला थांबते. तेथे तिला मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात, हे ऐकून बँकेत आयुष्य घालवलेल्यांना गंमत वाटेल. मग पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी चढण घेत ती खंडाळ्याला पोहोचते. शासकीय दृष्ट्या खंडाळा पुणे जिल्ह्यात मोडतो, पण त्याचा पश्चिमेकडचा कडा सरळ खालापूर तालुक्यात उतरतो आणि तळाशी खोपोली आहे. समुद्रावरून आलेला ढग याच कड्याला येऊन थटतो. एका बाजूला कोकणातील दमट रान, दुसऱ्या बाजूला देशावरचे सडे, आणि मध्ये जेमतेम काही कोसांचे अंतर. अशा सांध्यावर वनस्पतींची विविधता मोठी असते. सांतापाऊंनी म्हणूनच हा प्रदेश निवडला असावा.

दहा-बारा वर्षांच्या भ्रमंतीतून 'द फ्लोरा ऑफ खंडाला' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९५३ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. झाडाची फांदी किंवा छोटे रोपटे फुलाफळासह घ्यायचे, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायचे, कागद वारंवार बदलत वाळवायचे. पावसाळ्यात हे सोपे नसते. घाटात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेथे पाकळी न कुजू देता वाळवायची म्हणजे उबेचा आधार घ्यावा लागतो. मग जाड कागदावर चिकटवून खाली ठिकाण, दिनांक, अनुक्रमांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. त्या चिठ्ठीवाचून नमुना निरुपयोगी होतो. तारीख नसलेल्या पावतीसारखा.

करवीचे उदाहरण घेऊ. माथेरान, खंडाळा, भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्या, सगळीकडे करवी माजलेली असते. तिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून ठाकर आणि कातकरी कुटुंबे घरे उभारीत आली. ही वनस्पती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सारा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्या लोटतात, बी धरते आणि झाडोरा मरून जातो. एकाच जागी वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसालाच हे चक्र नीट दिसते. सांतापाऊंनी करवीच्या आणि बांबूच्या अशा सामूहिक फुलोऱ्यावर लिहिले. वाडीवरच्या म्हाताऱ्यांना हे चक्र आधीपासून ठाऊक होतेच. ते तारीखवार कागदावर आले ते अशा अभ्यासकांमुळे.

जैन वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. वनस्पतिकाय हा जीव आहे. आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात माणसाच्या देहाशी वनस्पतीची तुलना केली आहे: तीही जन्मते, वाढते, तोडल्यावर सुकते. मग वनस्पती उपटून कागदात दाबणे ही हिंसाच नव्हे काय? आहे. सालिम अलींच्या पिढीतील पक्षीशास्त्रज्ञ तर नमुन्यासाठी पक्षी बंदुकीने टिपत. ती हिंसा अधिक मोठी, पंचेंद्रिय जीवाची. विद्येचे नाव देऊन ती लपवू नये. पण दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे मान्य केली पाहिजे. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणारे आपण, प्रत्येक आणि साधारण वनस्पती असा भेद तोंडपाठ म्हणणारे आपण, घरामागच्या टेकडीवरील दहा झाडांची नावे सांगू शकत नाही. ज्या जीवाची ओळखच नाही, त्याची जयणा पाळणार कशी? सांतापाऊंनी तोडलेल्या फांद्या मोजता येतील. त्या काळापासून खडीच्या खाणी, रस्ते आणि बंगल्यांसाठी याच डोंगरावरून जे गेले त्याची मोजणी कोणी केलेली नाही.

१९५४ नंतर सांतापाऊ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत गेले, तिचे संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. झाल कपाडिया यांच्यासह त्यांनी मुंबई इलाख्यातील आमरींवर म्हणजे ऑर्किडांवर ग्रंथ लिहिला. झेवियर्समधील ही परंपरा त्यांच्या नंतरही खंडित झाली नाही. ब्लॅटर हर्बेरियममधील डॉ. मार्सेलिन आल्मेडा यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ १९९६ पासून खंडशः प्रसिद्ध केला.

आणखी एका विद्यार्थ्याची कथा आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. हुमायून अब्दुलअली यांनी झेवियर्समधून प्राणिशास्त्राची पदवी घेतली. व्यवसायाने ते उद्योजक. तरुणपणी शिकारीही करीत. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव झाले आणि १९५१ च्या मुंबई राज्यातील वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. खालापूरच्या शेजारी पनवेल तालुक्यातील कर्नाळा अभयारण्यासाठीही ते झटले. बंदूक हाती धरलेल्या माणसाने कायदा करायला लावावा, हा पालट काही लहान नव्हे.

त्यांचे शेवटचे मोठे काम बेडकांसाठी होते. त्या काळी परदेशांतील उपाहारगृहांसाठी भारतातून दरवर्षी हजारो टन बेडकांचे पाय निर्यात होत. पावसाच्या रात्री दिव्याच्या झोतात बेडूक पकडून पोती भरत आणि अनेकदा जिवंतपणीच त्यांचे मागचे पाय कापले जात. उरलेले धड तडफडत पडून राही. अब्दुलअलींनी करुणेला आवाहन केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८५ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बेडकांच्या निर्यातीवर दीर्घ लेख लिहिला आणि सरकारला समजणाऱ्या भाषेत हिशेब मांडला. बेडूक शेतातील कीटक खातो. बेडूक विकून परकीय चलन मिळते ते जमेला धरता. मग त्याच्या अभावी शेतात जे कीटकनाशक ओतावे लागते, त्याचा खर्च कोणत्या बाजूला लिहिता? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

आपल्याकडे ज्ञाताधर्मकथेत नंद मणियाराची कथा आहे. स्वतः बांधलेल्या पुष्करिणीच्या आसक्तीमुळे तो तिच्यातच बेडूक होऊन जन्मला, भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला, श्रेणिक राजाच्या घोड्याच्या टापेखाली सापडला आणि शुभ भावामुळे देव झाला. ही कथा पर्युषणात ऐकणाऱ्या समाजाने अब्दुलअलींचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

कर्जत हा भाताचा तालुका. येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे आहे आणि 'कर्जत' हे नाव भाताच्या वाणांतून राज्यभर पोहोचले आहे. उल्हास नदीच्या दोन्ही काठांच्या खाचरांतून मृगाच्या पहिल्या पावसात पिवळ्या बेडकांचा जो कल्लोळ उठतो, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना निर्यातबंदीचे महत्त्व निराळे सांगायला नको. आता धोका वेगळा आहे. खाचर बुजते, भोवती भिंत उठते, फाटकावर शेतघराची पाटी लागते. निर्यातबंदीचा कायदा तेथे उपयोगी पडत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्यामुळे काही डोंगर वाचले. बाकीच्या ठिकाणी जमीन घेणाऱ्यांत आणि बंगले बांधणाऱ्यांत आपल्या समाजाची कुटुंबेही आहेत, हे येथे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंगल्याच्या आवारात देवघर असते, रात्रिभोजन वर्ज्य असते, आणि आवार सपाट करताना यंत्राने उपटलेल्या करवीचा, बुजवलेल्या ओहोळाचा हिशेब कोणी विचारत नाही.

मुंबईत धोबी तलावाजवळ कॉलेजच्या दगडी इमारतीत खंडाळ्याच्या घाटातून आणलेले ते कागद आजही जपून ठेवलेले आहेत. अभ्यासकांना परवानगी घेऊन ते पाहता येतात. एखाद्या उतारावर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी काय उगवत होते, हे त्यावरून कळते. कर्जत-खोपोलीच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजच्या नोंदी त्या नोंदींशी ताडून पाहता येतील. आणि त्यासाठी आता काही तोडावेही लागत नाही. मोबाईलच्या छायाचित्रावर तारीख आणि ठिकाण आपोआप उमटते. येत्या चातुर्मासात एखाद्या रविवारी पाठशाळेच्या मुलांना घाटरस्त्याच्या कडेला, पायवाट न सोडता, तासभर उभे केले तरी वीस वनस्पतींची यादी होईल. ती वहीत उतरवून पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे.