क्लेमॅटिस हवी? मग मोरवेल लावा!

पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली क्लेमॅटिसची वेल परदेशी बागांच्या चित्रांत पाहिली, की ती आपल्याही दारी असावी असे वाटते. वसंतात फुलणारी ‘मोंटाना’ जात मूळची आपल्या हिमालयातलीच. लेडी अ‍ॅमहर्स्ट यांनी १८३१ मध्ये ती इंग्लंडला नेली. तिला कळ्या येतात त्या गतवर्षीच्या फांद्यांवर. त्यामुळे छाटणी फुले ओसरताच करावी. हिवाळ्यात कात्री चालवली, तर त्या वर्षीचा बहर हातचा गेलाच!

मात्र बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत हवा सुखद असली, तरी हिमालयातली थंडी नाही. तेथील मराठी कुटुंबांनी मोंटानावर पैसे घालवण्यापेक्षा तिची सह्याद्रीतली बहीण मोरवेल लावावी. पावसाळा सरल्यावर ती पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी भरते. पुढे पिसांसारख्या शेपटीच्या बियाही शोभून दिसतात.

मोरवेलीला पाण्याचा निचरा होणारी माती व चढायला जाळी द्या. मुळांशी सावली आणि शेंड्याला ऊन असावे. ही वेल नव्या फुटीवर फुलते, म्हणून बिया उडून गेल्यावर, थंडीच्या अखेरीस छाटावी. रस त्वचेला झोंबतो. हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा.